घराखालचा साटा

यंदाच्या खंडेनवमीला आमच्या अंगणात जे पूजेला मांडले होते ते पाहून शेजारच्या दोन बायका हातातले तबक तसेच धरून उभ्या राहिल्या. दरवर्षी आमच्याकडे विळी, कोयता, वडिलांची कुदळ, आईचे शिवणयंत्र आणि, मास्तराचे घर म्हणून, एक दौत व लेखणी एवढाच सरंजाम असतो. यंदा ह्या सगळ्यांच्या मागे दहा फूट लांब नि पाच फूट रुंद असा एक लोखंडी सांगाडा विटांवर टेकून उभा होता. वर काही नाही. ना फळी, ना भिंत, ना छप्पर. खाली दोन चाके, पुढे निमुळती होत गेलेली दांडी आणि नुकत्याच दिलेल्या रंगाचा वास. आईने त्या दांडीला हळदीकुंकवाची बोटे ओढली आणि झेंडूची माळ घातली.

"हे काय हो, वहिनी?" एकीने माझ्या पत्नीला विचारले. पत्नीने माझ्याकडे बोट दाखवले आणि ती आत निघून गेली. गेले चार महिने ह्या प्रश्नाचे उत्तर तिने असेच दिलेले आहे.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, ते आईचे घर आहे. पण एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून हा लेख.

आमचे चिखली हे इंद्रायणीकाठचे गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले; पण जुनी माणसे अजून टाळगाव चिखली म्हणतात. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांच्या हातातले टाळ येथे पडले, अशी श्रद्धा आहे. देहू जवळच. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली, आणि तेव्हापासून आषाढाच्या तोंडावर ह्या टापूतल्या माणसांचे पाय आपोआप पंढरीकडे वळू लागतात. आई एकतीस वर्षे चालली. गेली दोन वर्षे गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे. मी म्हटले, "आई, मोटार करू. सकाळी निघालो तर दुपारी पंढरपूर." ती म्हणाली, "पंढरपूर काय पळून चाललंय होय रे? मला वाट पाहिजे. मुक्काम पाहिजेत. रात्री दिंडीत पाठ टेकायची, पहाटे काकड्याला उठायचं. ते तुझ्या मोटारीत कुठं बसवशील?"

ह्या प्रश्नावर मी एक महिना घालवला. दिंडीच्या ट्रकात तिला चढवत नाही, राहुटीत जमिनीवरून तिला उठवत नाही. शेवटी माझ्या भाच्याने तोड काढली. त्याच्याकडे जीप आहे. जीपच्या मागे जोडायची एक लहानशी खोली करावी. आत एक खाट, एक शेगडी, दारात दोन पायऱ्या. पालखी चालेल तसे हे घर मुक्कामामुक्कामाने पुढे सरकेल आणि आई आपल्या दिंडीच्या शेजारी रात्र काढील.

कादंबरीत मी दोन ओळींत घर उभे करतो. हे घर चार महिने झाले तरी जोत्याच्या वर आलेले नाही. पण जोत्याच्या शोधात मी जे वाचले, पाहिले नि ऐकले, त्यावरून माझे एक मत झाले आहे. माणसाने चाकाचे फार कौतुक केले; चाकाच्या वर नि घराच्या खाली जो साटा असतो त्याला इतिहासात कोणी विचारले नाही. वास्तविक गाडी चालते की उलटते, हे तोच ठरवतो.

आपल्या मुलखातला सर्वांत जुना साटा पाहायचा तर प्रवरेकाठच्या दायमाबादला जावे लागते. १९७४ साली तेथे जमिनीत काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि एक बैलजोडीचा रथ. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद. पुष्कळ संशोधक त्याला चार हजार वर्षांच्या घरात नेतात; काहींना हा काळ मान्य नाही. रथात एक माणूस उभा आहे आणि दांडीवर चक्क कुत्र्यासारखा एक प्राणी. प्रथम छायाचित्र पाहिले तेव्हा माझे लक्ष बैलांच्या डौलाकडेच गेले होते. आता पुन्हा पाहिले तेव्हा नजर ठरली ती त्या लांब दांडीवर. बैलांची ओढ आणि माणसाचे वजन ह्यांची गाठ जेथे पडते ती जागा त्या कारागिराने बरोबर हेरली होती.

एवढी जुनी परंपरा असताना दख्खनच्या घाटवाटांनी माल मात्र शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून गेला. वंजाऱ्यांचे नि लमाणांचे तांडे धान्य, मीठ, कापूस लादून चालत. गाडे होते, पण भरीव चाकांचे, अवजड, ओढायला बैलांची रांग लागणारे. ते गावात मोजकेच असत आणि शिवाराबाहेर क्वचित जात. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पुण्या-मुंबईमध्ये चाके फिरू लागली. रस्ता झाला, पण त्याच्यावर चालणारी गाडी कोठे होती? ह्या ठिकाणी इतिहासात एक नाव येते, जे शाळेच्या पुस्तकात मला कधी आढळले नाही. इंदापूर भागात जमिनीची पाहणी चालू होती, गोल्डस्मिड आणि विंगेट हे अधिकारी नवा सारा बसवत होते. त्याच सुमारास, १८३० नंतरच्या त्या दशकात, लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोलापूरकडच्या टेंभुर्णीस गाड्यांचा कारखाना निघाला. हलकी, एका जोडीने ओढली जाणारी, शेतकऱ्याला परवडणारी गाडी तेथे तयार होऊ लागली. गावोगावच्या सुतारांनी ती पाहिली नि उचलली. ज्या बैलगाडीला आपण अनादि काळापासूनची म्हणतो, तिच्या दख्खनी घडणीत ह्या टेंभुर्णीचा असा वाटा आहे. आणि टेंभुर्णी कोठे? पंढरपूरच्या शेजारच्या माढे तालुक्यात. हे वाचले तेव्हा मी आईला हाक मारून सांगितले. ती म्हणाली, "मग? पांडुरंगाच्या दारातच व्हायची की गाडी."

त्या गाडीची रचना मी लहानपणी आमच्या सुतारकाकांच्या पडवीत बसून पाहिली आहे. चाकाचा मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवती पाटे, त्यांवर लोखंडाची धाव. सगळे बाभळीचे. धाव बसवण्याचा दिवस म्हणजे आम्हा पोरांचा सण. गोवऱ्यांच्या आगीत लाल झालेले कडे चिमट्यांनी उचलून चाकावर उतरवायचे आणि पाण्याच्या घागरी ओतायच्या. वाफेचा लोट उठे, कडे आकसून लाकडाला आवळून बसे आणि आम्ही ओरडत असू. साटा मात्र काका एकटे, न बोलता बांधीत. दोन लांब लाकडे मागे रुंद, पुढे जवळ येत येत जुवाखाली एकत्र मिळालेली. त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या. हा लांबट त्रिकोण म्हणजेच गाडी, बाकी सगळा साज. आख साट्याच्या कोणत्या जागी बांधायचा, ह्यावर काका अर्धा दिवस घालवीत. आख फार पुढे गेला तर मागचे ओझे जड होऊन दांड्या वर उचलल्या जातात, जू बैलांच्या गळ्याशी ओढले जाते. त्याला आम्ही गाडी उलाळ झाली म्हणतो. आख फार मागे गेला तर सगळा भार मानेवर येतो आणि बैल खांद्याला सुजतात. मॅट्रिकला तरफेचा नियम शिकलो तेव्हा तो मला नवा वाटला नाही.

आता थोडे परदेशात जाऊ, कारण चाकावर हौसेचे घर बांधण्याचे पहिले वेड तिकडचे.

१८८५ साली इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या गृहस्थांनी 'वाँडरर' नावाचे घोड्यांचे फिरते घर करवून घेतले. हे नौदलातले निवृत्त डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे. म्हणजे माझ्याच धंद्यातले. घर बांधले ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याने, जो रेल्वेचे डबे करी. परिणाम व्हायचा तोच झाला. महॉगनीची शोभा, आत ग्रंथांचे कपाट, आणि वजन दोन टनांच्या आसपास. दोन घोडे लावून ट्वायफर्डहून डॉक्टरसाहेब स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. बरोबर गाडीवान, एक काकाकुवा, एक मोठा कुत्रा आणि तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन अरुंद रस्त्यावरच्या लोकांना सावध करणारा एक नोकर. दायमाबादच्या रथावर कुत्रा, इंग्लंडच्या रथातही कुत्रा! चाकांवर निघालेल्या माणसाला घर राखणारे कोणीतरी बरोबर हवेच असते की काय कोण जाणे. पण रेल्वेच्या डब्याचा जडपणा सडकेवर आणणे ही मात्र चूकच. चढावर घोड्यांचे काय होत असेल, ते सुतारकाकांनी बरोबर सांगितले असते.

पुढची गोष्ट जर्मनीची. इस्नी गावी डेथलेफ्स नावाचे घराणे चाबूक तयार करी. त्यांतला आरिस्ट धंद्यानिमित्त आठवडे नि आठवडे फिरतीवर असे. त्याची फ्रिडेल चित्रकार होती. तिला बरोबर जायचे होते आणि चित्रेही काढायची होती. १९३१ साली त्याने मोटारीच्या मागे ओढायचे एक लहान घर तिच्यासाठी बांधले. जर्मनीतल्या मोटारीमागच्या घरांची सुरुवात येथून मानतात. त्याच सुमारास अमेरिकेत वॉली बायम ह्याने फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाडीच्या सांगाड्यावर आधी तंबू ठोकून पाहिला. बायकोने सांगितले, स्वयंपाकघर नसेल तर मी येणार नाही. त्याने बिचाऱ्याने तंबू काढून त्याच सांगाड्यावर खोली बांधली. शेजारीपाजारी मागू लागले. मग त्याने नकाशे विकले आणि पुढे 'एअरस्ट्रीम' नावाचा कारखानाच काढला. १९३६ सालचे त्याचे चकचकीत ॲल्युमिनियमचे 'क्लिपर' जगप्रसिद्ध आहे.

ह्या दोन्ही कथांत कारागीर पुरुष आणि हट्ट बाईचा, हे मी घरात मुद्दाम वाचून दाखवले. पत्नी म्हणाली, "त्या बायकांना निदान बरोबर नेलं. इथं जागा एकाच खाटेची आहे." माझ्याजवळ उत्तर नव्हते. खाट दुमडती करून खाली दुसरी सरकवावी, असा एक विचार तेव्हापासून आहे.

पण चाकांवरचे घर ही सर्वत्र हौसेचीच गोष्ट नसते. गाडिया लोहारांचे पाहा. १५६८ साली चितोड पडले तेव्हा ह्या लोहारांनी गड सोडला आणि गड परत मिळेपर्यंत घरात राहायचे नाही, दिवा लावायचा नाही, खाटेवर निजायचे नाही अशा शपथा घेतल्या, असे परंपरा सांगते. त्यांची खाट गाडीवर उलटी टाकलेली असते ती म्हणून. एका गाडीत जन्म, लग्न, संसार, मरण. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर परत नेले. शपथ फिटली; पण घर बांधायला जमीन नि पैसा लागतो, आणि तो शपथेतून निघत नाही. त्यांच्यातले कित्येक जण पुढेही गाडीवरच राहिले.

आपल्याकडे दसरा झाला की बीडकडून ऊसतोडीला माणसे निघतात. पूर्वी बैलगाड्यांनी, आता बहुधा ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या दोन ट्रॉल्यांतून. भांडी, कोंबड्या, शेळी, म्हातारी, तान्हे मूल, सगळा संसार ट्रॉलीत. कारखान्याच्या तळावर पोहोचले की कोपी घालायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. मला सांगाडा निवडून देणारा मिस्त्री अशाच संसारातून आलेला. "गुरुजी, माझी पाटी-पेन्सिल गाडीच्या खालीच झाली," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला. "वर आईबाप ऊस भरायचे, खाली सावलीत आम्ही भावंडं. गाडी खालनं कशी असती, ते आम्हाला वरनं बघणाऱ्यापेक्षा जास्त ठावं."

त्याची नि माझी ओळख कुदळवाडीतली. कुदळवाडी हा चिखलीचाच भाग. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आले, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली, टेल्को आले, आकुर्डीला बजाज टेम्पो आले. टेम्पो हा शब्द आपण असा वापरतो जणू ज्ञानेश्वरांपासून तो मराठीत आहे. पण ते हँबुर्गच्या एका जर्मन कारखान्याच्या मालाचे नाव, १९५८ साली सहकार्याच्या कराराबरोबर येथे आले आणि पुढे कोणत्याही लहान मालगाडीला चिकटले. जेथे एवढे कारखाने, तेथे त्यांचे उरलेसुरले जाणारी जागा हवीच. ती कुदळवाडी. पत्रे, पिंपे, जुनी यंत्रे, मोडलेल्या गाड्यांचे सांगाडे यांचे डोंगर. धुराचा नि सांडपाण्याचा त्रास आम्हा चिखलीकरांना होताच, आगीही लागत. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तेथली हजारो अनधिकृत बांधकामे पाडली. धूर कमी झाला, हे खरे. कित्येकांचा चरितार्थ गेला, हेही तितकेच खरे. मिस्त्रीची शेड त्यांतच होती. तो आता चाकणच्या बाजूला एका ओळखीच्याच्या पडवीत यंत्र ठेवून काम करतो. ह्याबद्दल तो माझ्याशी कधी बोलला नाही. मीही विचारले नाही.

त्याला भेटण्याआधी मी माझ्या शहाणपणाने एक सांगाडा पसंत करून विसार देऊन बसलो होतो. चौकोनी पोकळ पाइपांचा, नवाकोरा काळा रंग, अगदी देखणा. विकणारा म्हणाला, भरभक्कम आहे. मिस्त्रीला दाखवायला नेले. त्याने खिशातून लहान हातोडी काढून पाइपावर टकटक केले. एका ठिकाणी घंटेसारखा आवाज आला, हातभर पुढे मडक्यासारखा. त्याने तेथे पोकरले आणि हातोडीचे टोक सरळ आत गेले. "वरनं नवरदेव, आतनं वाळवी," तो म्हणाला. पोकळ पाइप पिळवटायला चिवट असतो, ह्यात शंका नाही. पण तोंडे नीट बंद नसली की पाणी आत शिरते, बाहेर पडत नाही, आणि गंज आतून खात येतो. माझा विसार बुडाला. विकणाऱ्याने तो परत केला नाही आणि मी भांडलो नाही. मास्तर माणूस भांडायला गेला की व्याकरणात अडकतो.

दुसरा सांगाडा जडच जड होता. १०० मिलिमीटरची चॅनेल, मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास वजन. मी म्हटले, जड म्हणजे मजबूत. मिस्त्रीने मान हलवली. आपले घर भरून सहाशे किलोंच्या आत ठेवायचे. त्याला ७५ मिलिमीटरची चॅनेल पुरते, मीटरला सात किलो. दोन लांब बाजू आणि पाच आडव्या पट्ट्या मिळून चौदाएक मीटर लोखंड, म्हणजे शंभर किलोंच्या आत. वरचे वाचलेले तीस-पस्तीस किलो म्हणजे आईचे अंथरूण, पाण्याचे पिंप आणि एक पोते तांदूळ. डॉक्टर स्टेबल्सना हे कोणी सांगितले असते तर!

तिसरा मिळाला तो हा. एके काळी मालाचा लहान ट्रेलर. उघड्या चॅनेलचा, खाली स्प्रिंगचे पाटे शाबूत, लोखंडात ठोकलेला नंबर वाचता येणारा. आणि मुख्य म्हणजे त्याचे नोंदणीपुस्तक मालकाच्या हाती होते. कागदाची किंमत मला लोखंडाहून उशिरा कळली. जुन्या सांगाड्यावर नवे काही उभारायचे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे आधी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. कागदच नसतील तर मंजुरी कशाला मागायची? आमचा अर्ज गेला आहे. उत्तर यायचे आहे. तोपर्यंत भिंत नाही.

पण साट्याचे काम साट्यापुरते पुरे करता आले. गंज खरवडल्यावर दांडीच्या मुळाशी केसासारखी एक चीर दिसली. सगळी ओढ नि सगळे हिसके तेथेच येतात. मिस्त्रीने ती एकेरी दांडी कापून टाकली आणि फरशीवर खडूने नवी आखली: दोन बाजूंनी निघून पुढे एकत्र येणारी, मागे पहिल्या दोन आडव्या पट्ट्यांखालपर्यंत गेलेली. मी पाहतच राहिलो. सुतारकाकांचा त्रिकोण! "हे कुठं शिकलात?" मी विचारले. तो हसला. "शिकायचं काय त्यात? सगळ्या गाड्या अशाच की." नव्या आडव्या पट्ट्यांचे टाके त्याने चॅनेलच्या पोटाला घेतले; वरच्या-खालच्या कडांना आडवा टाका मारू दिला नाही. ताण सगळा त्या कडांवर असतो, तेथे जाळ लागला की चीर तेथूनच सुरू होते.

मग आखाची जागा. एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा दांडीच्या टोकावर यावा, म्हणजे सहाशे किलोंना साठ ते नव्वद. त्याहून कमी आला, मागचा भाग जड झाला, तर वेगात घर शेपटासारखे डावीउजवीकडे झुलू लागते आणि शेवटी जीपलाही घेऊन जाते. म्हणजे उलाळच, बैलाच्या गळ्याऐवजी भाच्याच्या मानेशी गाठ. आम्ही घरच्या वजनकाट्यावर दांडीचे टोक टेकवले, सांगाड्यावर फळ्या टाकल्या, सामानाऐवजी सिमेंटच्या विटा मांडल्या आणि खाटेच्या जागी आईला बसवले. काटा पंचेचाळीस दाखवू लागला. आख चार बोटे मागे सरकवला. मग अडुसष्ट. आई म्हणाली, "आता उठू का?" उठताच काटा पुन्हा हलला, आणि मिस्त्रीने तिला हात जोडून खाली बसवले.

रंगाच्या बाबतीत माझा हट्ट जस्ताचा होता. सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८३७ साली ह्या कृतीचे पेटंट घेतले: लोखंड साफ करून सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवायचे. जस्ताची खुबी अशी की त्यावर ओरखडा उठला तरी ते आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. बंद पाइप भोके न ठेवता त्या कढईत टाकला तर आतल्या हवा-पाण्याच्या दाबाने तो फुटूही शकतो. आमची चॅनेल उघडी, तेव्हा ही भीती नव्हती. पण मंजुरी आल्यावर भिंतीचे खांब जोडायला पुन्हा टाके मारावे लागणार, आणि जस्तावर टाका मारला की ते जळून विषारी धूर होतो. म्हणून तो बेत सोडला. घासून, पुसून, रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर काळ्या रंगाचे दोन, हेच ठरले.

रेड ऑक्साइडचा डबा उघडला तेव्हा आई म्हणाली, "हा तर गेरू." आणि खरेच तो तोच! गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड, म्हणजे गंजाचा सख्खा भाऊ. गंजाला गंजाचेच औषध. त्यावर तिची दुसरी सूचना, "शेंदूर का नाही लावत? मारुतीला कधी काही झालंय का?" मी हसलो आणि मग पुस्तक उघडून गप्प झालो. शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड. तो जवसाच्या तेलात खलून जहाजांना नि लोखंडी पुलांना पहिला हात म्हणून साऱ्या जगात पिढ्यान्‌पिढ्या देत आले. शिसे विषारी म्हणून आता ते टाळतात. हे सांगितल्यावर आईने शेंदराचा आग्रह सोडला. पण आपले म्हणणे बरोबर होते, हे तिने त्या संध्याकाळी तीन घरी सांगितले.

पूजेच्या दुपारी जेवणे झाली, पाहुणे पांगले. मी ओसरीवर हा लेख लिहायला बसलो होतो. थोड्या वेळाने पाहतो तर आई अंगणात. सांगाड्यावरच्या फळ्यांवर तिने घोंगडे अंथरले होते, आणि झेंडूच्या माळेकडे पाय येऊ नयेत म्हणून डोके दांडीकडे करून ती गाढ झोपली होती. मिस्त्री आपला प्रसादाचा द्रोण घेऊन जवळच विटेवर बसला होता. मला पाहून त्याने खुणेनेच सांगितले, "बोलू नका," आणि चाकाखाली आणखी एक वीट सरकवली.